बल्बिनाची गोणी

बल्बिनाच्या पेटीत अंथरायला नारळाच्या भुशाच्या विटा परवडेनात, म्हणून यागनाने बागेच्या दुकानातून बिनखताच्या मातीची गोणी स्वस्तात आणून तळघरात बटाट्यांशेजारी ठेवली होती. काल तीच माती तिने बल्बिनाच्या, आपल्या लाडक्या केसाळ टॅरंटुला कोळिणीच्या काचेच्या पेटीत अंथरली. आज बल्बिना पाय आखडून मरून पडली होती!

तेवढ्यात झेनोन आजोबा धापा टाकत जिना चढून आले.

"काय म्हणतेय महाराणी? मुंग्या लागू नयेत म्हणून मी गोणीत मुंग्यांची पावडर मिसळली होती हं!"

यागनाने झटकन पेटीवर टॉवेल टाकला.

"झोपलीये, आजोबा."

"आळशी! अगदी तुझ्यावर गेलीय."

यागना कसंबसं हसली.

"गोणी मी पुन्हा घट्ट बांधून ठेवलीय," आजोबा खुशीत म्हणाले. "वर्षभर पुरेल तिला."