दार उघडे होते, असेही म्हणता येईल

चौकशी समितीच्या मसुद्यातला निष्कर्ष असा: ‘आगीच्या वेळी बांधणीखोलीचे मागचे दार उघडे होते की बंद, हे ज्याच्या-त्याच्या अनुभवावर अवलंबून असून दोन्ही कथने आपापल्या जागी सत्य आहेत.’

वाक्य घोटीव आहे. अडचण एवढीच की, त्या दाराच्या आत माझा दादा मेला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो पुस्तकांची बांधणी करी. आग पुढच्या बाजूला लागली होती. सुटकेला मागचे दार तेवढे उरले होते. ते उघडे असते, तर तो बाहेर आला असता. त्याच्या फुप्फुसांना दोन सत्यांची सोय उपलब्ध नव्हती.

पुस्तके चोरीला जातात म्हणून त्या दाराला बाहेरून कुलूप घालण्याची टूम प्राचार्यांची, हे सगळे कुजबुजत. बोलत कोणीच नव्हते. दाराचा कोळसा झाला होता आणि ढिगारा तत्परतेने उचलला गेला होता. समितीची कार्यपद्धतीही प्राचार्यांनीच लिहून दिली होती: येणारे प्रत्येक कथन पडताळणीविना, समान मानाने अहवालात घ्यावे. आरोपीने तराजू घडवून द्यावा आणि न्यायाधीशांनी आभार मानावेत, इतकी आमची संस्था सुसंस्कृत आहे. प्राचार्य तत्त्वज्ञान शिकवत. दिवस आहे म्हटले तरी ‘तसंही म्हणता येईल’ म्हणत. म्हणून मुलांमध्ये त्यांचे नाव ‘तसंहीसर’.

बोलली फक्त वहिनी. दादाचा डबा घेऊन येताना तिने धूर पाहिला आणि तापलेले कुलूप उघड्या हातांनी ओढत राहिली. तिच्या तळहातांवरच्या डागांना मसुद्यात ‘वेदनेची व्यक्तिनिष्ठ खूण’ म्हटले आहे. आता तिने मसुद्यावर सही केली की प्राचार्य सुटणार होते, आणि दादा उघड्या दारापाशी गोंधळून मेलेला मूर्ख म्हणून कायमचा नोंदला जाणार होता.

शेवटच्या बैठकीआधी जिन्यात मी तिला म्हणाले, “कुलूप लावताना मी त्यांना पाहिलं, असं सांगते.”

“पाहिलंत का?”

“नाही.”

“मग नको, वन्सं. खोटं बोलून जिंकलात, तर तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय उरला? सूड हवाय ना तुम्हाला? घ्या. पण खरं बोलून घ्या.”

अट अवघड होती. आमच्या चर्चच्या पाळकांची त्याहून अवघड होती. ते क्षमा करा म्हणत. झालाच नाही म्हणतात त्या गुन्ह्याची क्षमा कशी करतात, हे मला बायबलच्या मूळ ग्रीकमध्येही सापडलेले नाही, आणि ग्रीक मी पोटासाठी शिकवते.

बैठकीत प्राचार्य मधाळले. “तुमचं सत्य आम्ही नाकारत नाही, ताई. पण पुस्तकांवर सोन्याचा वर्ख लावताना वाऱ्याने उडू नये म्हणून तुमचे यजमान स्वतःच दार लावून घेत. तसंही म्हणता येईल ना?”

“वाऱ्यासाठी कडी लावायचे, सर. ती आतून असते. कुलूप बाहेरून होतं.”

“ही झाली तुमची बाजू.”

“हो. मी बाहेरच्या बाजूलाच होते.”

समितीच्या अध्यक्षबाई कंटाळल्या होत्या. “अहो, सही करा आणि मोकळ्या व्हा. तुमचा धर्मही क्षमाच शिकवतो ना?”

“क्षमा शिकवतो, बाई, खोटी सही नाही. मला शेवटी ख्रिस्तासमोर उभं राहायचंय. तिथे समिती नसते.”

वहिनीने पेनाला टोपण लावून ते मसुद्यावर ठेवून दिले. मी उभी राहिले.

“मला एक कथन द्यायचं आहे. हे घडलं असा माझा दावा नाही, पुरावाही नाही. पण आपल्या पद्धतीत पुरावा लागत नाही. तर कथन असं: आग लागली तेव्हा प्राचार्य त्या दाराबाहेरच उभे होते. दादाने आतून दार बडवलं, हाका मारल्या. त्यांनी त्या ऐकल्या आणि ते शांतपणे निघून गेले. तसंही म्हणता येईल.”

अध्यक्षबाईंनी प्राचार्यांकडे पाहिले, मग त्यांच्याच कार्यपद्धतीकडे. नाइलाजाने त्या लेखनिकाला म्हणाल्या, “घ्या लिहून.”

“समान मानाने,” मी आठवण करून दिली. “आणि वर्तमानपत्रांना हाच अहवाल जाईल ना?”

“खोडा ते!” प्राचार्य उठले तशी त्यांची खुर्ची मागे कोसळली. “साफ खोटं आहे हे!”

“खोटं? हा शब्द आपल्या कार्यपद्धतीत कुठे आहे, सर? फार तर म्हणा, ही माझी बाजू.”

“बाजू कसली! कोणी काहीही बोलेल आणि ते खरं होईल?”

“तेच तर गेले कित्येक दिवस आम्ही विचारतोय.”

वहिनीने डोळे मिटले होते. तिचे ओठ हलत होते. बहुधा ती त्यांच्यासाठीच प्रार्थना करत असावी. मी करत नव्हते. ते थरथरणारे, लालबुंद तोंड मी डोळे भरून पाहत होते.

त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि लेखनिकाने, त्याला मिळालेल्या आदेशाप्रमाणे, पडताळणीविना शब्द न् शब्द उतरवून घेतला:

“अहो, घडलं ते घडलं आणि नाही घडलं ते नाही! मी तिथे नव्हतोच! मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालून मी सकाळीच घरी गेलो होतो. तो आत आहे हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं!”