भूत कापलेला सिनेमा

यात्रेत तंबू टॉकीज लावायचं तर गावाचा दाखला लागायचा, आणि गाव म्हणजे भगवंतराव. पंधरा वर्षं बिनविरोध सरपंच. बिनविरोध कसले! विरोधात अर्ज भरायला कुणी निघाला, की त्याच्या आळीचं पाणी बंद. टाकीच्या कुलपाची किल्ली कायम त्यांच्या करगोट्याला.

तंबूवाल्या कासमनं पहिल्या दिवशी भुताचा सिनेमा लावला. त्यात मेलेला पाटील रोज विहिरीवर येऊन बसतो आणि त्याला हात जोडल्याशिवाय कुणाला घागर भरता येत नाही. म्हातारी साळुबाई भर तंबूत म्हणाली, "अगं बया, ह्यो तर आपला भगवंता!" सगळा तंबू हसून लोटपोट.

सकाळी भगवंतराव हजर. "भूत काप."

"दुसरा सिनेमा लावतो की, सरपंच," कासम म्हणाला.

"ह्योच लावायचा. न्हाईतर लोक म्हनतील, मी भ्यालो. पर भूत दिसलं, तर दाखला फाडीन."

रिळं कापायचं, जोडायचं काम कासमच्या बायकोचं, नजमुन्निसाचं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जित्या माणसांचं पाणी तोडताना याला लाज वाटली नाही, आणि पडद्यावरचं मढं मात्र बोचलं! पण दाखला गेला तर यात्रेतून तंबू उठणार. तिनं दातओठ खात ब्लेड चालवलं. भुताचं बोटसुद्धा शिल्लक ठेवलं नाही.

संध्याकाळी कोण हसतंय ते बघायला भगवंतरावांनी खुर्ची पडद्याशेजारी मांडली, लोकांकडे तोंड करून. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर बाया विहिरीवर आल्या, थबकल्या, थरथर कापत हात जोडू लागल्या. कुणाला, ते दिसेना. उजेडात बसलेले दिसत होते ते एकटे भगवंतराव.

आज कुणीच हसलं नाही. सगळा तंबू त्यांच्याकडे बघत राहिला. मग साळुबाई उठली, खुर्चीपुढे गेली आणि तिनं हात पसरला.

"भगवंता, टाकीची किल्ली दे."

तिच्यामागं एकेक बाई उठायला लागली. भगवंतराव ओरडले, "ए कासम, बंद कर त्ये! दाखला रद्द!"

कासमचा हात बटणाकडे गेला. नजमुन्निसानं तो धरला.

"सरपंच, तुम्ही सांगितलं तेवढं भूत मी कापलं," ती मशीनमागून कडाडली. "उरलंय ते माझ्या रिळात नाही."

मशीन चालूच राहिली. साळुबाईचा हातही तसाच पसरलेला राहिला.