बिनभोकाच्या पिशव्या

शिवणकाकूंनी पिशवीत फुंकर मारली, तिचे तोंड मुठीत आवळले आणि फुगलेली पिशवी गालाशी नेऊन हलकेच दाबली. गालाला कुठूनच वारा लागला नाही. म्हणजे पिशवी पास. तिची चौकोनी घडी घालून त्यांनी वरचा खण ओढला, आणि घडी हातातच राहिली.

खण निम्मा रिकामा झाला होता.

त्यांनी खालचा खण उघडून पाहिला. तो गच्च भरलेला होता. खाली भोके पडलेल्या पिशव्या असायच्या. त्या कचऱ्याला, नाहीतर जुने बूट गुंडाळायला. वरच्या खणात बिनभोकाच्या, मानाच्या. ओले, पातळ काही न्यायचे असले तर त्यातलीच काढायची, आणि परत आणून द्यायची, हा काकूंचा दंडक होता. घरातल्या कुणी तो मनावर घेतला नव्हता ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या लहानपणी घरात पहिली प्लॅस्टिकची पिशवी आली तेव्हा आईने ती धुऊन, पुसून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी खुंटीला टांगली होती. पुढे पिशव्या पायलीला पन्नास झाल्या आणि लोक त्या रस्त्यावर टाकू लागले, तरी काकूंना ती खुंटी विसरता आली नाही. उभा जन्म त्यांनी शिंप्याच्या दुकानात काढला होता. दुसऱ्यांचे कपडे उसवायचे, सैल करायचे, आखूड करायचे. गल्लीत त्यांना कुणी नावाने ओळखतच नसे, शिवणकाकू म्हटले की झाले. डोळे अधू झाले तसे मालकाने गोड बोलून घरी बसवले. घरात पाहतात तो स्वयंपाकघर सुनेकडे गेलेले, बाजारहाट मुलाकडे. उरल्या पिशव्या. त्या धुणे, उलट्या करून दोरीवर वाळत घालणे, फुंकून पाहणे, घड्या करणे, एवढेच खाते त्यांच्याकडे राहिले होते. आता त्यातही कुणाचा तरी हात फिरत होता.

कुणाचा, हे काकूंनी लगेच ठरवून टाकले. सून लाँड्रीशेजारच्या औषधांच्या दुकानात कामाला होती. स्वभावाने कमी बोलणारी. एकदा तिने अगदी मऊ आवाजात विचारले होते, की आई, एवढ्या साठवून करायचं काय? तेव्हापासूनच काकूंच्या मनात पाल चुकचुकत होती. पण एक गोष्ट उलगडेना. फेकणारीने खालचा खण रिकामा केला असता. ही नेमक्या चांगल्याच उचलत होती. म्हणजे फेकत नव्हती, कुठेतरी पोचवत होती.

काकूंनी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. कचऱ्याचा डबा उपसून पाहिला. सून कामाला निघाली की तिची खांद्यावरची झोळी हल्ली फुगलेली दिसे, हेही त्यांनी टिपून ठेवले. एकदा सहज म्हणून त्या झोळीला हात लावायला गेल्या, तर सून चटकन बाजूला सरकली. मग काय, संशयाची खात्री व्हायला आणखी लागते काय?

नवऱ्याला सांगून पाहिले. ड्रायव्हरकाकांनी आयुष्यभर लांब पल्ल्याच्या बस चालवल्या होत्या. अजूनही रोज सकाळी अंघोळ करून, केस चापूनचोपून बसवून खिडकीपाशी खुर्चीत बसत ते असे ताठ, की समोर स्टिअरिंग आहे असे वाटावे. गल्लीतले लोक त्यांच्याकडून घाटातल्या गोष्टी ऐकायला येत. वाटेत कुठेही न उतरता, पाण्याचा थेंब न पिता गाडी शेवटच्या थांब्याला लावायची, हा त्यांचा लाडका अभिमान.

काकूंचे सगळे ऐकून घेऊन ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, "मला काय विचारतेस? ते खातं तुझं."

आणि त्यांनी पान उलटले. हल्ली ते असेच तुटक वागत. गेले काही महिने आतल्या खोलीत एकटेच झोपू लागले होते. काकूंच्या घोरण्याने झोपमोड होते म्हणे. इतकी वर्षे नाही झाली ती! सुनेनेच कान भरले असतील, अशी त्याचीही नोंद काकूंनी तिच्याच नावावर केली.

शेवटी एके दिवशी सून भांडी घासत असताना काकू तिच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"खरं सांग. पिशव्या तू घेतेस ना?"

सून म्हणाली, "मला नकोत हो आई त्या."

"तुला नकोत. मग माहेरी पोचवतेस का?"

सुनेचे हात थांबले. तिने एकदा आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिले आणि मान खाली घातली. "मला विचारू नका आई. पाया पडते."

"का नको विचारू? मालक माझ्या हाती रेशमाचे तागे सोडून जेवायला जायचा. तिथली चिंधी कधी हलली नाही. आणि माझ्या स्वतःच्या घरात चोरी?"

चोरी हा शब्द तोंडातून गेला तेव्हा काकूंनाही तो जड वाटला. पण सून उलटून बोलली नाही, हात पुसून निघून गेली. निर्दोष माणूस गप्प बसेल का, असे म्हणून काकूंनी स्वतःची समजूत घातली.

आता नुसत्या बोलण्याने भागणार नव्हते. मुद्देमाल हवा होता. शिंप्याच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला आतून एक रंगीत टाका घालायची पद्धत होती, म्हणजे धुण्यात, इस्त्रीत अदलाबदल व्हायची नाही. काकूंनी लाल दोरा शोधला. सुई ओवता ओवता डोळ्यांना पाणी आले, पण ओवली. वरच्या खणातली एकेक पिशवी काढून तळाच्या कोपऱ्यात, सहज नजरेत न येणारा एक फुलीटाका घातला. हात किती दिवसांनी शिवणाला लागला होता! त्या नादात सगळ्या पिशव्या कधी संपल्या ते कळलेही नाही. पुन्हा घड्या करून त्यांनी खण लावून घेतला. आता सुनेच्या झोळीतून लाल टाका निघू दे, मग बघू काय बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या मास्तरीणबाई येऊन बसल्या होत्या. या निवृत्त शिक्षिका. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजते हे त्यांना वासावरून कळे आणि दुपारपर्यंत सगळ्यांना कळे. काकूंनी चहा दिला. साक्षीदार आयता घरात आहे, हे त्यांना बरेच वाटले. सून निघायच्या तयारीत दाराशी उभी होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून काका आले, केस विंचरलेले, पाठ ताठ. कुणाकडे न पाहता त्यांनी हातातली पिशवी सुनेकडे दिली.

"काय हो गळतंय?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीपासून दारापर्यंत फरशीवर थेंबांची ओळ उमटली होती. मास्तरीणबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचे नाक किंचित हलले. काका जागच्या जागी उभे राहिले. चढावर गाडी बंद पडावी आणि मागे गाड्यांची रांग लागावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

काकूंनी पाहिले. पिशवीच्या तळाला कोपऱ्यात लाल फुली होती, आणि त्या फुलीतूनच थेंब गळत होता. आत चुरगळलेला निळ्या पट्ट्यांचा पायजमा आणि चादर.

कापडातून सुई गेली की कापड मागे मिटते. प्लॅस्टिक मिटत नाही. फुंकून फुंकून पिशव्या पारखणाऱ्या काकूंना टाके घालताना हे एकदाही सुचले नव्हते. आतली खोली, फुगलेली झोळी, दुकानाशेजारची लाँड्री, पाया पडते म्हणणारी सून, सगळे एका क्षणात जागेवर बसले. भोक नसलेली पिशवी कुठल्या खणात असते हे या घरात आणखी एकाच माणसाने ध्यानात ठेवले होते. काकू घड्या घालत तेव्हा काका समोर बसून पेपर वाचत असायचे.

"माझं आहे ते," काकू म्हणाल्या.

मास्तरीणबाईंना कळले नाही. "म्हणजे?"

"माझी चादर. हल्ली मला रात्री धरवत नाही, बाई. लाज वाटते, म्हणून यांच्या हातून गुपचूप सुनेकडे देते. ती बिचारी लाँड्रीत टाकून येते. कुणाला बोलली नाही पोर."

पायजम्याची एक निळी पट्टी पिशवीला आतून चिकटलेली दिसत होती. काकूंनी लगबगीने न्हाणीघरातली बादली आणली, सुनेच्या हातातली पिशवी तीत ठेवली आणि मग सुनेचा ओला हात आपल्या हातात तसाच धरून ठेवला. सुनेने तो सोडवून घेतला नाही.

मास्तरीणबाईंचा आवाज एकदम मवाळ झाला. संध्याकाळनंतर चहा बंद करा, झोपताना पाय उंच ठेवा, त्यांच्या वहिनींनाही असेच झाले होते, ते सगळे त्यांनी सविस्तर सांगितले. काकू शहाण्या विद्यार्थिनीसारख्या माना डोलावत राहिल्या. काका खिडकीपाशी जाऊन बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र उघडले होते, पण पान उलटत नव्हते.

निघताना सून दारात वळली आणि जरा मोठ्यानेच म्हणाली, "आई, आमच्या दुकानात त्याच्यासाठी मिळतं घालायला. कपड्याखाली कळतही नाही. आणू का तुमच्यासाठी?"

काकूंनी खिडकीकडे पाहिले. काकांनी घसा खाकरला आणि बाहेर बघत म्हटले, "आण. तिला लागेल ते आण."

"आण," काकू म्हणाल्या. "जरा मोठ्या मापाचं आण."

त्या दुपारी काका आपले अंथरूण बाहेरच्या खोलीत, काकूंच्या शेजारी घेऊन आले.

गल्लीत व्हायचे ते झाले. मास्तरीणबाई अजूनही सकाळी येतात. काका घाटातल्या गोष्टी सांगतात, त्या ऐकतात. फक्त काकू ज्या खुर्चीवरून उठल्या तिच्यावर बसण्याआधी मास्तरीणबाई हल्ली क्षणभर थांबतात. बोलणे चालू ठेवून बैठकीवर एक नजर टाकतात, पदराने पुसल्यासारखे करतात. काकूंना ते दिसत नाही असे त्यांना वाटते.

काकू दुसरी, कोरडी खुर्ची पुढे ओढून देतात आणि म्हणतात, "बसा बाई, इथे बसा."