जोडाच्या खाली

"आण," माळी म्हणाला आणि वळून न बघता तळहात मागे धरला.

घरून कुंडीत आणलेल्या रानगुलाबाच्या खुंटाच्या सालीला त्याने उभी-आडवी चीर दिली होती. आता तीत चांगल्या गुलाबाचा डोळा, फांदीवरचा फुगलेला कोंब, बसवायचा. तो वाळू नये म्हणून बायको ओठांत धरून आणायची. तिच्या वडिलांची रीत. बाकीचे माळी म्हणायचे, काकी गप्प बसतात त्या फक्त कलमाच्या दिवशी.

"नाही," बायको म्हणाली.

बोलली. म्हणजे तोंडात काही नाही.

तांबट. सकाळी पिवळा, कलत्या उन्हात तांब्यासारखा. सासऱ्यांनी याच बागेत तयार केलेला गुलाब. आधी वाफेच्या वाफे होते. मग कारंजं आलं. मग गाड्या लावायला जागा. मग एकच झाड, आणि उद्या तिथेही फरशी. आज त्याचे डोळे घरच्या खुंटांवर भरले, तर तांबट राहणार. नाहीतर...

"नाही म्हणजे? डोळे फुगले नाहीत?"

"फुगलेत की. रग्गड."

"मग?"

"तांबटचे नाहीत. खुंटाचे आहेत."

तो उठला. झाडापाशी जाऊन गुडघ्यांवर बसला.

छाटणी त्यानेच केली होती. दोन फांद्या: एक जोडाच्या, म्हणजे कलम बांधलेल्या गाठीच्या, वरची, तांबटची, एक जोडाच्या खालून फुटलेली, रानटी. खालची काढायची. नवशिकाही पानं बघून सांगेल. पण त्याला हल्ली पानं दिसत नव्हती, नुसतं हिरवं दिसायचं. बोलला असता तर गुलाबांवरून काढून झाडलोटीला लावलं असतं. जोमदार ती आपली, असं धरून त्याने दुसरी...

अंगठा बुंध्यावरून वर सरकला. जोडाची गाठ. गाठीच्या वर सपाट, कोरडं. त्याच्यावर काही नाही.

"कधी कळलं तुला?"

"पालवी आली तेव्हा."

"बोलली नाहीस."

"बोलून काय, फांदी परत चिकटणार होती? छाटलेलं तुम्हीच पेटवलंत. डास जातात म्हणे."

"मग आज कशाला आलीस?"

"तुम्ही सकाळपासून चाकूला धार लावत होतात."

त्याने चाकू मिटून खिशात टाकला.

"आबांचं एवढंच उरलं होतं," माळी म्हणाला.

"माझे आबा होते ते."

चीर उघडी ठेवली तर खुंटही जातो. म्हणून तो परत आला, सालीच्या कडा आत काही न ठेवता मिटवल्या आणि पट्टी गुंडाळू लागला. डोळ्याला फुटायला मध्ये जरा जागा सोडतात. बोटांनी सवयीने ती सोडली.

बायकोने पट्टी त्याच्या हातातून घेतली. ती जागा झाकून टाकली आणि गाठ मारली.