नववी दोरी

गल्लीत सतरा घरं होती. आठ डावीकडे, नऊ उजवीकडे. घरांच्या मधून आडव्या बांधलेल्या एकवीस दोऱ्या, दोऱ्यांवर अंथरलेले जुन्या रापणीच्या जाळ्याचे चार तुकडे आणि त्या जाळ्यात अडकवलेले सहाशे बारा मासे. मासे पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचे. पर्यटक देवबागच्या किनाऱ्यावर बाटल्या टाकून जातात. त्या गोळा करून, कापून, रंगवून वाडीतल्या बायकांनी अकरा आठवड्यांत हे मासे केले होते. एका माशाचं वजन सव्वीस ग्रॅम. मी ते बर्नादेत बाईंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून पाहिलं.

मी कसालची. नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले. बाईंची मुलगी प्रिन्सी माझी कॉलेजातली मैत्रीण. बाई निवृत्त शिक्षिका, अर्धी वाडी त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून सगळ्यांच्या त्या 'बाई'च. मे महिन्यातला पहिला शनिवार होता आणि संध्याकाळी वाडीतल्या खुरसाचं फेस्त होतं, क्रुसाचा वार्षिक सण. कपेलमधून, म्हणजे वाडीच्या छोट्या प्रार्थनाघरातून, मोठा लाकडी खुरीस बाहेर काढायचा, गल्लीतून मिरवत किनाऱ्याजवळच्या चबुतऱ्यापर्यंत न्यायचा, तिथे सगळ्यांनी मिळून लादीन ही प्रार्थना गायची आणि मग उकडलेले चणे वाटायचे. हे दरवर्षीचं. गल्लीला छत मात्र यंदा पहिल्यांदाच.

छताची कल्पना प्रिन्सीची. ती क्रूझवर कामाला आहे. मागच्या ऑगस्टमध्ये तिचं जहाज दोन दिवस बार्सिलोनाला थांबलं होतं. तिथल्या एका जुन्या वस्तीचा उत्सव चालू होता. प्रत्येक गल्लीतल्या लोकांनी वर्षभर टाकाऊ वस्तू जमवून आपापल्या गल्लीवर छत उभारलं होतं. एका गल्लीत दुधाच्या खोक्यांचं जंगल, दुसरीत छत्र्यांचे जेलीफिश. रस्त्याच्या मधोमध लांब टेबलं, म्हातारेकोतारे पत्ते खेळत बसलेले, आणि त्या छताखालून राजाराणीचे चार मीटर उंच पुतळे खांद्यावरून नाचवत नेलेले. प्रिन्सीने एकशे चाळीस फोटो काढले आणि सुट्टीवर आल्या आल्या गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन दाखवले.

"घरोघर मी सांगलंय," ती मला म्हणाली, "खुरीस छताखालसून जातलो. मंगळवारी माका परत जहाजावर जावचा आसा. ह्या नाय जमला तर पुढच्या वर्सा माजा कोण आयकतला?"

न जमण्याची शक्यता सकाळी अकरा वाजता प्लासिदकाकांच्या रूपाने आली. चौसष्ट वर्षांचे, रुंद खांद्यांचे. गेली एकतीस वर्षं खुरीस त्यांच्याच हातात असतो. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी वर पाहिलं.

"खुरीस हेच्याखालसून कसो जातलो?"

"वायंच वाकवलास तर जातलो, काका," कुणीतरी म्हणालं.

"एकतीस वर्सां खुरीस वाकलो नाय. वादळाच्या वर्सापन नाय. आज बाटल्यांसाठी वाकवू?" ते बाईंकडे वळले. "बाई, तुमचे मासे बरे आसत. आमी किनाऱ्याच्या रस्त्यान जातव."

म्हणजे मिरवणूक गल्ली सोडून जाणार. दारात माळा ओवत बसलेल्या बायकांचे हात थांबले. प्रिन्सीचा चेहरा उतरला.

मी टेप मागितली. प्लासिदकाका कुरकुरत, मिरवणुकीतला पट्टा घालून, खुरीस उचलून कपेलच्या अंगणात उभे राहिले. जमिनीपासून टोकापर्यंत उंची तीन मीटर शहाऐंशी. मग बांबूला टेप बांधून मी एकवीसही दोऱ्या मधोमध मोजल्या. दोऱ्या बांधल्या होत्या चार मीटर तीसवर, पण सगळ्या मध्ये झुकल्या होत्या. सगळ्यात जास्त नववी. तिच्याखालचा मासा जमिनीपासून तीन मीटर अडुसष्टवर होता. अठरा सेंटिमीटर कमी.

दोऱ्या बाबलीदादांनी बांधल्या होत्या. ते शेजारच्या वाडीतले मच्छीमार. जाळंही त्यांचंच. त्यांना बोलावून आणलं.

"दोऱ्यो इतक्यो ढिल्यो कित्याक बांधलास?" प्रिन्सीने विचारलं.

"मग काय तंबोऱ्याची तार बांधू? ताठ जाळ्यात मासो कधी गावलो काय?"

"बाबलीदादा, हे मासे आधीच गावलेले आसत!"

बायका हसल्या. बाबलीदादाही हसले, पण सवय खरी होती. चाळीस वर्षं त्यांनी दोरीवर जाळं ढील ठेवूनच ओवलं होतं. हात आपोआप तसंच बांधत गेले.

मी मोबाईलवर आकडे मांडले. गल्लीची रुंदी पाच मीटर वीस. एवढ्या रुंदीवर दोरी मध्ये बासष्ट सेंटिमीटर झुकते तेव्हा ती सरळ रेषेपेक्षा जेमतेम वीस सेंटिमीटर लांब असते. थोड्या जादा लांबीने मोठा झोळ पडतो. म्हणून थोडी लांबी काढली की झोळही पुष्कळ कमी होतो.

"प्रत्येक दोरी तेरा सेंटिमीटर आखूड करूया," मी म्हणाले.

"तेरा?" बाबलीदादांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "ही वीत. तेरा म्हणजे वीतभर पन नाय. तेवढ्यान छत वर येतला?"

"सत्तावीस सेंटिमीटर येतला."

"ह्या तुका कॉलेजात शिकवल्यानी?"

"व्हय."

"आनी सांजचो वारो सुटलो की ताठ दोरी कशी तुटता, ता शिकवल्यानी?"

"नाय. ता तुमी सांगा."

 बाबलीदादांनी नववी दोरी कुठे बांधली आहे ते दाखवलं. एका टोकाला नारळाचं झाड, दुसऱ्या टोकाला प्लासिदकाकांच्या माडीच्या बाल्कनीचा गज. झाड वाऱ्याबरोबर हलतं, गज हलत नाही. दोरीत ढील नसेल तर सगळा ओढा गजावर येतो. अर्ध्याहून जास्त झोळ राहिलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या हिशेबात बासष्टपैकी पस्तीस राहत होता.

"मग चलात," ते म्हणाले. "पण आधी एक करून बघूया. नाय जमला तर उरलेल्या वीसांसाठी माका शिडयेर चढवू नको."

नववी दोरी सोडून, तेरा सेंटिमीटर आत घेऊन पुन्हा बांधायला अकरा मिनिटं लागली. मी बांबू लावला. तीन मीटर चौऱ्याण्णव. हिशेबापेक्षा एक सेंटिमीटर कमी, पण आधीपेक्षा सव्वीस जास्त. बाबलीदादांनी स्वतः येऊन टेप वाचली, मग मला बाजूला करून पुन्हा वाचली.

"आनखी एक शिडी खंय गावात?" ते ओरडले. "बघत काय बसलास? वीस दोऱ्यो आसत!"

दोन शिड्या, चार माणसं. दर दोरीला मी कापडी फितीवर तेरा सेंटिमीटरची खूण करून देत होते आणि बांधून झाली की मोजत होते. बाई खालून प्रत्येक गाठ तपासत होत्या. "बाबली, सातवीत असताना तुझ्या वहीत पण असाच गुंता असायचा." पाऊण तासाने वेग वाढला. साडेपाचला एकविसावी दोरी झाली. आता सगळ्यात कमी उंची पुन्हा नवव्या दोरीचीच होती, तीन मीटर चौऱ्याण्णव. बाकी सगळ्या तिच्या वर. खुरसाला आठ सेंटिमीटर जागा. मी तसं प्लासिदकाकांना जाऊन सांगितलं. 

सहा वाजून पाच मिनिटांनी खुरीस बाहेर आणला. त्याच्या टोकाला मोगऱ्याचा तुरा बांधला होता. दरवर्षी बांधतात.

मी उघड्या खुरसाचं माप घेतलं होतं. फुलांचं विचारायचं मला सुचलं नव्हतं आणि वाडीतल्या प्रत्येकाला ते माहीत असल्यामुळे कुणी सांगितलं नव्हतं. तुऱ्याची उंची नऊ सेंटिमीटर निघाली.

"एक सेंटिमीटर कमी पडतो," मी म्हणाले. "चूक माझी. मी फक्त लाकूड मोजलं."

"नववी दोरी आनी वायंच ओढूया," प्रिन्सी म्हणाली.

"आता ओढलंस तर गज खाली येतलो," बाबलीदादा म्हणाले. वारा सुटला होताच. जाळं हलत होतं आणि मासे एकमेकांवर आपटत होते.

"तुरो वायंच बारीक बांधूया?"

"फुलां कमी करूची नाय," प्लासिदकाका म्हणाले.

गल्लीत सगळे दारात आले होते. खुर्च्या मांडल्या होत्या, मेणबत्त्या तयार होत्या. बाईंनी पदर खोचला आणि शांतपणे म्हणाल्या, "प्लासिद, रस्तो तू सांग. किनाऱ्यान गेलंस तरी आमी सगळे मागसून येतव."

प्लासिदकाकांनी गल्लीतल्या दारांकडे पाहिलं. मग त्यांनी खुरीस सांभाळायला बाबलीदादांच्या हातात दिला. खुरीस उचलताना ते खांद्यावरून कातडी पट्टा घालतात. पट्ट्याला पुढे एक वाटी असते, तिच्यात खुरसाचा खालचा दांडा टेकतो. पट्ट्याला सात भोकं. त्यांचं बक्कल तिसऱ्या भोकात होतं. तिथलं कातडं बक्कलाच्या आकाराचं होऊन गेलं होतं. त्यांनी ते सोडलं, चौथ्यात अडकवलं आणि वाटी हाताने दाबून पाहिली.

"पोटाक लागतला आता," ते म्हणाले. "तुका पुरे गो मास्तरनी?"

मी वाटी मोजली. चार सेंटिमीटर खाली गेली होती.

"पुरे, काका."

"मगे सर बाजूक."

मी धावत नवव्या दोरीपाशी गेले. शिडीवर चढून माशाच्या शेपटीशेजारी सेंटिमीटरच्या खुणा केलेला फितीचा तुकडा लोंबता चिकटवला आणि प्लासिदकाकांच्या बाल्कनीत त्याच उंचीवर मोबाईल धरून उभी राहिले. घंटा वाजली. गाणं सुरू झालं. पुढे प्रिन्सी मेणबत्ती घेऊन, मागे प्लासिदकाका, पाठ ताठ, पावलं नेहमीपेक्षा सावकाश. पहिली दोरी गेली, चौथी गेली, आठवी गेली.

लादीन संपल्यावर चणे खाता खाता मी व्हिडिओ थांबवून मोजलं. नववी दोरी, सहा वाजून एकेचाळीस मिनिटं. खुरीस उभा. तुऱ्याचं टोक आणि सगळ्यात खालचा मासा यांच्यातलं अंतर अडीच सेंटिमीटर.