आभाराचा सण

अमेरिकेत मी चार वर्षं काढली आणि लिंबागणेशात परतल्यावर चार महिने लोकांचे कान किटवले. नगरच्या मिशनमधल्या एका म्हाताऱ्या पादरीसाहेबांना मी मराठी शिकवायचो. ते कायमचे मायदेशी निघाले तेव्हा त्यांचा मराठी शब्दकोश अर्धाच झाला होता, म्हणून मलाही बरोबर घेऊन गेले. दोन वर्षांत येतो, असं आईला सांगून मी निघालो. तिला तेव्हाच दिसेनासं झालं होतं. तिला सांभाळायला मागे राहिली माझी बायको, अंजना. दोन वर्षांत कोश काही संपला नाही. तिसऱ्या वर्षी घरचं पत्र आलं, मरणाच्या पत्राचा फाडतात तसा त्याचा कोपरा फाडलेला होता. न वाचताच कळलं, आई गेली.

अमेरिकेवर मी वह्या भरून लिहिलं होतं, आणि संध्याकाळी गणपतीच्या मंडपात त्यातलंच सांगायचो. साहेब स्वतःची ताटली स्वतः धुतात, हे ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. साहेबांच्या शेजारचा एका हाताचा म्हातारा गुलामांना सोडवायच्या लढाईत सख्ख्या भावाविरुद्ध उभा राहिला होता, हे मात्र सगळ्यांना लगेच समजलं. भाऊबंदकी काय ती आम्हाला शिकवावी लागत नाही. मे महिन्यात तो म्हातारा मेलेल्या शिपायांच्या थडग्यांवर फुलं वाहायचा, भावाच्याही. जुलैत ते लोक इंग्रजांच्या राजाला झुगारल्याचा सण करतात, बार उडवतात. निजामाचा जमादार मंडपात बसलेला असला की तेवढा सण मी गाळायचो.

त्या दिवशी मी नोव्हेंबरातला सण सांगायला घेतला. आभार मानायचा सण. घरातले सगळे एका मेजाभोवती बसतात, भला मोठा पक्षी भाजलेला असतो, आणि जेवणाआधी प्रत्येक जण देवाचे नि एकमेकांचे आभार मानतो. त्यामागची कथा अशी सांगतात, की समुद्रापलीकडून आलेले त्यांचे पूर्वज पहिल्याच हिवाळ्यात उपाशी मरायला टेकले होते. तिथल्या मूळच्या माणसांनी त्यांना मका पेरायला शिकवला. पीक आलं तेव्हा दोघं मिळून जेवले. "मग ती माणसं आता कुठं आहेत?" असं मी एकदा मेजावर विचारलं होतं. साहेबांनी माझ्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला आणि बोलणं पावसापाण्यावर नेलं.

हे सांगता सांगता मला भरून आलं. मी उभा राहिलो, अंजना बायकांत मागं बसली होती तिकडे वळलो आणि साऱ्या गावासमोर म्हणालो, "अंजनाने माझ्या आईची सेवा केली. मी तिचे मनःपूर्वक आभार मानतो." मंडप चिडीचूप झाला. नवऱ्याने चारचौघांत बायकोचं नाव घ्यावं, असं आमच्याकडे कोणी करत नाही. अंजना उठली आणि निघून गेली. लाजली असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवसापासून मला पाटावर बसवून जेवण मिळू लागलं. रोज गव्हाची पोळी, वर तूप. "घ्या की आनखी. सावकाश जेवा." कशाला नाही म्हणणं नाही, कशावरून रागावणं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा मला उचलू देईना. तिसऱ्या दिवशीही राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल गेलेली असते म्हणतात. मी तर असा महिनाभर जेवलो. जवळ गेलो तर ती अदबीने बाजूला व्हायची. परदेशात कधी वाटलं नव्हतं इतकं एकटं मला माझ्याच घरात वाटू लागलं. ही बाई हातातून गेली, या भीतीने माझी झोप उडाली.

माझा लहानपणचा सोबती इसाक बांगड्यांचा धंदा करायचा. त्याला हे सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अबे, घरच्या मानसाला कोन शुक्रिया म्हन्तं? शुक्रिया म्हनून परक्याला वाटंला लावतेत."

मी तसाच घरी आलो. अंजना ओटा सारवत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि विचारलं, "आई कशी गेली?"

तिचा हात थांबला. "आलात तवाच इचाराल वाटलं व्हतं."

तिने पोतेरं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "शेवटाला त्येन्ला कायबी उमजत नव्हतं. सारखं, माजा बद्री आला का, बद्री आला का. मी म्हनायची, येतेत. मंग अन्नच सोडलं त्येंनी. म्या तुमचा फेटा बांधला, तुमचा सदरा घातला अन् उशाला जाऊन बसले. आवाज घोगरा करून म्हनलं, आई, आलो."

"मग?"

"त्येंनी माज्या तोंडावरून हात फिरिवला. वळकलं का न्हाई, द्येव जाने. म्हनल्या, बद्री, अंजनानं माजं लई केलं. त्ये फेडाया जाऊ नगंस लेकरा, तिच्या रिनातच ऱ्हा. मंग माज्या हातानं दूधभाकर खाल्ली. तिसऱ्या दिसी गेल्या." तिने पोतेरं पाण्यात बुडवलं. "अन् तुमी आलात, सम्द्या गावाम्होरं येका सबदात फेडून मोकळं झालात."

मला ते लांबलचक मेज आठवलं. पेरायला शिकवणारी माणसं त्याच्याभोवती कुठंच नव्हती, आणि आभार मात्र दरसाल न चुकता मानले जात होते. मी त्या मेजावर चार वर्षं पोटभर जेवलो होतो. माफीचा शब्द ओठांवर आला, पण तोही मला तसाच फिट्टंफाट करणारा वाटला. मी तो गिळला. आईसाठी मी तिथं, त्या ओल्या ओट्यापाशी, पहिल्यांदा रडलो. अंजनाने मला गप्प केलं नाही. ती सारवत राहिली.

दिवेलागणीला तिने पुन्हा पाट मांडला. मी तो बाजूला सारून भुईवर बसलो. तिने पोळी वाढली, वांग्याची भाजी वाढली. मी एक घास खाल्ला.

"मीठ कमी हाय," मी म्हणालो.

अंजनाने माझ्याकडे रोखून पाहिलं. भाजीत मीठ बरोबर होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

"मंग बसलात कशाला?" ती डाफरली. "चुलीम्होरं हाय बरनी. उठून घ्या."

मी उठलो.