इथल्या भाताला चव नाही

दूमण्णाच्या अंगणात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. आटीचा महिना, पाऊस धो धो कोसळत होता, तरी चार वाड्यांची माणसं छत्र्या सांभाळत ओसरीच्या कडेने दाटीवाटीने उभी होती. आत माजघरात केळीच्या पानावर भात, पत्रोडे आणि दूमण्णाच्या आवडीची सुक्या मासळीची चटणी वाढून ठेवली होती. मेलेल्या माणसासाठी आटीत पान वाढायचं, दार ओढून घ्यायचं आणि बाहेर गप्प बसायचं, ही आमच्या तुळू मुलखाची रीत. गेलेला येतो, जेवतो, निघून जातो, असं सगळे मानतात. थोड्या वेळाने दार उघडून ते पान घरच्यांनी वाटून खायचं. मला ही रीत आवडते. गेलेल्याची आठवण काढायला पोटभर जेवणाहून चांगलं निमित्त कुठलं?

पण जेवायला आलेला आजवर कधी बोलला नव्हता. त्या दिवशी दूमण्णा बोलला.

"भागी," बंद दारामागून आवाज आला, "इथल्या भाताला चव नाही गं."

बाया किंचाळल्या. दूमण्णाची बायको भागी खांबाला धरून खाली बसली. मी या गावची नर्स, एकोणीस वर्षं सुया टोचतेय, सगळे मला नर्सक्का म्हणतात. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरीही माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. दोन महिन्यांपूर्वी दूमण्णाची नाडी थांबली तेव्हा त्याचं मनगट माझ्याच हातात होतं. आणि हा आवाज त्याचाच होता, तोच घोगरा, तोच शब्दाच्या शेवटी दमणारा.

"ऐकलंत?" अंगात देव येणारा नोणय्या पात्री घंटा वाजवत ओरडला. तो अंगणाच्या मधोमध पाटावर बसला होता, मांडीवर लाल रेशमी वस्त्र, एक हात सदोदित त्या वस्त्राखाली. "यमाच्या घरचा भात! राखेवर शिजलेला, मीठ ना पाणी! कसा उतरेल घशाखाली?"

यमाच्या स्वयंपाकघरात याचं जाणं-येणं बरंच असावं.

"दूमण्णा, असशील तर दिवा लाव!"

ओसरीवरचा दिवा लागला. बटणाच्या जवळपासही कुणी नव्हतं.

"पाणी सोड!"

ओढ्यापलीकडे सुपारीच्या बागेतला पंप घरघरायला लागला. भर पावसात बागेला पाणी! जिवंत दूमण्णाने असला उधळेपणा जन्मात केला नसता. पण हे मला नंतर सुचलं. तेव्हा मीही तोंड उघडं टाकून उभी होते.

"बोल बाबा, तुला काय हवंय?"

आतून आवाज आला, "एकटं वाटतं. तू कधी येतेस?"

पात्रीने डोळे फिरवले आणि हुकूम सोडला. कुले, म्हणजे न सुटलेला जीव, बायकोसाठी अडकलाय. भागीने नऊ दिवस सेवा करायची, रोज संध्याकाळी पान वाढायचं आणि पात्रीने दर्शन मांडून कुलेला बोलतं करायचं. एक वेळचं जेवण. इंग्रजी गोळ्या बंद, कारण गोळीच्या वासाने कुले उंबऱ्यावरूनच परत फिरतो. समुद्रापलीकडच्या कुणाच्या कानावर यातलं काही घालायचं नाही. आणि नवव्या दिवशी बागेतला ओढ्याकाठचा तुकडा देवाच्या नावाने सोडायचा. देवाचा पत्ता अर्थातच पात्रीच्या घरचा.

भागीला बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती, मी दोन महिने तिची मलमपट्टी करत होते. गोळ्या बंद म्हणजे काय, हे त्या गर्दीत मला एकटीलाच कळलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले. पट्टी सोडली आणि वासानेच मला कळलं. अंगठ्याची कड काळी पडली होती.

"भागीअक्का, आत्ताच्या आत्ता गोळी घे. उद्या मोठ्या दवाखान्यात जाऊ."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पाय जाईल. मग तू जाशील."

"मग जाऊ दे की," ती शांतपणे म्हणाली. "तो बोलावतोय मला. तिकडे एकटा बेचव भात गिळतोय. आणि मी इथे गोळ्या खाऊन जगत बसू?"

मला रडू आलं आणि रागही आला. कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी घरात इकडेतिकडे बघत बसले. माजघरातल्या शेल्फावर करवंटीएवढा गोल बोलका डबा होता, फोनमधला आवाज घरभर ऐकवणारा. भागीची लेक सुजया मस्कतला असते, तिने वडिलांना पाठवला होता. दूमण्णाने त्या डब्याचं आणि फोनचं गावभर कौतुक सांगितलं होतं. पूर्वी पंप चालू करायला ओढा ओलांडून जावं लागे, एकदा त्यात पाय घसरून महिनाभर पडून होता. मग फोनवर बोट ठेवलं की पंप चालू, बोट ठेवलं की दिवा. गॅस फोनवरून, विजेचं बिल फोनवरून, भागीच्या गोळ्या दर महिन्याला फोनवरून मागवलेल्या घरपोच. रोज संध्याकाळी नातीचं तोंड फोनवर.

फोनवर बोट ठेवलं की दिवा.

"भागीअक्का, दूमण्णाचा फोन कुठाय?"

"दानात दिला ना तेराव्याला. छत्री, चपला, पानाचा डबा आणि फोन. वापरातल्या वस्तू द्यायच्या असतात, त्याला तिकडे मिळतात. फोनशिवाय त्याचं तिकडे कसं चाललं असतं?"

"कुणाला दिलास?"

"अजून कुणाला? पात्रीला."

"आणि फोनला कुलूप वगैरे?"

"घराला कडी नाही लावली त्याने कधी, फोनला काय लावणार?"

दिवा कळला, पंप कळला. आवाज कुठून आला तेही कळलं, त्या करवंटीतून. पण शब्द? मेल्यावर कुणी फोनमध्ये बोलून ठेवत नाही. "इथल्या भाताला चव नाही", हे जिवंत माणूस कशाला बोलेल? त्या शब्दांनी मला चार रात्री झोपू दिलं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशीच्या दर्शनाच्या वेळी मी माझ्या फोनवर ते बोलणं चोरून टिपून घेतलं होतं. दवाखान्यात येऊन, दार लावून, ते पुन्हा पुन्हा ऐकलं. दहाव्यांदा ऐकताना दूमण्णाच्या आवाजामागे आणखी काहीतरी ऐकू आलं. बारीक, लांबून.

कुकरची शिट्टी.

मी खुर्चीवरून उठलेच. यमाच्या घरी राखेवर भात शिजतो असं पात्री म्हणाला होता. मग कुकर कुणाचा? ते टिपण मी तसंच मस्कतला सुजयाला पाठवलं. पाच मिनिटांत तिचा फोन आला. ती हुंदके देत होती.

"नर्सक्का, हा माझा कुकर आहे."

"काय?"

"अप्पा फेब्रुवारीत इथे आले होते ना. माझ्या स्वयंपाकघरात बसून फोनमध्ये बोलायचे. मी हसायचे, अप्पा, कुणाशी बोलताय? तर म्हणाले, भागीशी. तिच्याकडे फोन नाही, घरी गेल्यावर ऐकवीन. इथल्या भाताला चव नाही, ऊन फार आहे, एकटं वाटतं, तू कधी येतेस. अम्माचं तिकीट मीच काढणार होते, नर्सक्का! परत गेल्यावर त्यांना लाज वाटली असेल. त्यांनी कधी ऐकवलंच नाही वाटतं."

मी तिला सगळं सांगितलं, पायाचंही. तिचं रडणं थांबलं.

"अप्पांच्या फोनचं खातं मीच काढून दिलंय," ती म्हणाली. "हरवलेला फोन शोधायची सोय असते त्यात. आवाज बंद करून ठेवला असला तरी इथून वाजवता येतो. कधी वाजवू सांगा."

"आज दिवेलागणीला," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी गर्दी दुप्पट होती. पात्रीही रंगात आला होता. "आज कुले मन मोकळं करणार! ज्याच्या मनात शंका असेल त्याने निघून जावं!" आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. "काही माणसं सुईने देव शोधतात."

"शोधते की," मी म्हणाले. "पण पात्री, आज दूमण्णाला मी हाक मारू का? ओळखीचा होता माझ्या."

"मार, मार. तुझ्या हाकेला कोण येतंय?"

मी पदराखाली फोन धरला होता, पलीकडे सुजया ऐकत होती. मी मोठ्याने म्हणाले, "दूमण्णा, असशील तिथून हंबर!"

लोक दचकले. हंबर? कुणीतरी हसलंही. आणि पात्रीच्या मांडीवरून, लाल रेशमी वस्त्राखालून, गाय हंबरली.

तो आवाज गावात कुणाला ठाऊक नव्हता? दूमण्णाने आपल्या कपिलेचं हंबरणं टिपून फोनला लावलं होतं. बाजारात, लग्नात, पंचायतीच्या सभेत ती गाय हंबरली की लोक म्हणत, "दूमण्णा, घे की फोन!" पात्री वस्त्राखाली चाचपत होता, दाबत होता, मांड्या आवळत होता. गाय काही थांबेना. आणि इतक्यात गोठ्यातून खऱ्या कपिलेने ओ दिली.

पहिल्यांदा हसली ती दूमण्णाची चुलत बहीण गिरिजा, मग सगळं अंगण.

"देवच... देवच यंत्रात उतरलाय!" पात्री म्हणाला.

"मग देवाला बाहेर तरी काढ," गिरिजा म्हणाली आणि तिनेच वस्त्र ओढलं. फोन पाटावर पडला, हंबरत.

मी माजघराचं दार सताड उघडलं. पान जसंच्या तसं होतं, आणि शेल्फावर ती करवंटी. मी फोन उचलून दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. गिरिजाला दिला, तिनेही लावला. पंपही तिनेच चालू केला. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी कुले होऊन पाहिलं. या गडबडीत पात्री घंटा तिथेच टाकून सटकला. दुसऱ्या दिवशी मी पोलिसांत तक्रार लिहून दिली, सह्यांना रांग लागली.

पण भागी हसली नव्हती. ती खांबापाशी तशीच बसली होती.

"म्हणजे तो आला नव्हता?"

"नाही, भागीअक्का."

"येणारही नाही?"

"नाही." याहून गोड उत्तर माझ्याकडे नव्हतं. खोटं गोड उत्तर द्यायला पात्री पुरेसा होता.

तिने तोंड फिरवलं. मी तिच्याशेजारी बसून फोनमधली टिपणं शोधली. मस्कतची आठ होती. पात्रीने त्यातली तीन-चारच वाजवली होती. एक त्याने मुद्दाम वाजवलं नव्हतं, ते का, हे ऐकताच कळलं. मी फोन भागीच्या कानाशी धरला.

"भागी, मी तिथे नाही म्हणून गोळ्या चुकवू नकोस हां. सकाळची घेतलीस ना? घे आधी. मग जेव."

मागे कुकरची शिट्टी, नातीचं खिदळणं.

भागीने ते तीनदा ऐकलं. मग फोन मांडीवर ठेवून मला म्हणाली, "नर्सक्का, पाणी आण. आणि ती गोळी कुठाय?"

अंगठा गेला. पाय वाचला, भागी वाचली.

आता तिने सुजयाकडून ते टिपण त्या करवंटीत लावून घेतलंय. रोज सकाळी आठ वाजता दूमण्णा बोलतो, भागी गोळी घेते. नवखा पाहुणा दचकून उभा राहतो तेव्हा तीच सांगते, "बसा हो. भूत नाही ते, मस्कतचं आहे."

बंद दारामागून आवाज आला तर घाबरा, खुशाल घाबरा, मीही घाबरले होते. पण हात जोडायच्या आधी उठून दार उघडा. मेलेली माणसं आपल्याकडे काही मागत नाहीत. मागतो तो दाराबाहेर पाटावर बसलेला असतो, आणि त्याचा एक हात नेहमी झाकलेला असतो.